लाल खोडाची केळ

कानबाई देवीच्या सणादिवशी सकाळी समाधान चार माणसं आणि कोयते घेऊन जळगावच्या वनस्पती उद्यानात शिरला, तेव्हा त्याचा धाकटा भाऊ योगराज केळीच्या वाफ्यापुढे आडवा उभा होता. योगराज तिथला अधिकारी. मे महिन्यात शहराचा तवा व्हायचा आणि माणसं या सावलीत येऊन जीव वाचवायची. त्याचा त्याला कोण अभिमान! देशोदेशीच्या केळी त्यानं पोटच्या पोरांसारख्या वाढवल्या होत्या.

त्यातल्या लाल खोडाच्या केळीचे दोन खांब एका श्रावणात त्यानंच हौसेनं घरी नेले. आईच्या कानबाईला ते असे शोभले की चोपड्याकडच्या त्यांच्या गावानं रीतच पाडली: चौरंगाला खांब लागायचे ते योगराजच्या बागेतलेच. देवी बोळवली की खांब पाटाच्या पाण्यात सोडायचे, म्हणजे शिवारभर बरकत. नसती हौस अंगलट येते ती अशी.

यंदा त्याच खोडात मर रोग निघाला. खोड कापलं की आत तपकिरी कूज. ह्या रोगाला औषध नाही. एक खांब, नाहीतर तिथली चिमूटभर माती पाटाच्या पाण्यात पडली की अख्ख्या गावाची केळी उभी वाळणार.

"बाजूले व्हय," समाधान म्हणाला. "देवी खोळंबेल शे."

"भाऊ, बठ्ठा वाफा सडेल शे. फोनवर सांगेल व्हतं ना तुले. दुसरा खांब देस."

"देवीले नही म्हनस? साहेब व्हयना म्हनीसन?"

चौघांतला एक, समाधानचा मेहुणा प्रेमराज, तोवर वाफ्याभोवतीची दोरी ओलांडून चिखलात उतरला होता. योगराजनं त्याची कॉलर धरली. प्रेमराजनं त्याच्या तोंडावर ठोसा हाणला. दात ओठात घुसला. दोघांनी योगराजला खाली पाडलं, बरगड्यांत लाथा घातल्या. एकाचा कोयता त्याच्या दंडावर ओरखडत गेला. ही गावची माणसं, ह्यांच्या ताटात जेवलेला हा. पण देवाचं नाव घेतलं की माणसाला माणूस दिसत नाही.

समाधाननं खोडावर कोयता उगारला. योगराज उठला तो फावडं घेऊनच. दांडा भावाच्या डोक्यात बसला. समाधान गुडघ्यावर आला. एवढ्यावर थांबायचं, पण योगराजच्या अंगात सैतान शिरला होता. त्यानं दुसरा घाव खांद्यावर घातला आणि हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

कोयते गळाले. चौघांनी समाधानला फाटकापर्यंत नेलं, कठड्यावर बसवलं. एकजण रिक्षा बघायला धावला. "गावले आनस, मंग दखाडस तुले!" असं ओरडत प्रेमराज दोघांना मागे बसवून मोटरसायकलवर निघूनही गेला.

तेव्हा कुठे योगराजचं लक्ष पायांकडे गेलं. भावाचे पाय घोट्यापर्यंत चिखलानं माखलेले. त्या तिघांचेही तसेच असणार. "थांबा! पाय धुवा!" तो बोंबलत रस्त्यावर धावला. मोटरसायकल केव्हाच दिसेनाशी झाली होती. त्यानं फोन लावला. प्रेमराजनं तो कापला.

फाटकाशी पाय धुवायच्या जंतुनाशक पाण्याची बादली होती. ती ओढत तो भावापुढे बसला आणि त्याचे तळवे, बोटांच्या बेचक्या रडत रडत घासू लागला.

समाधानच्या कपाळावरून रक्त ओघळत होतं. धाकटा पायाशी बसलेला बघून त्याचा राग विरघळला. त्यानं धड असलेला हात योगराजच्या डोक्यावर ठेवला.

"ऊठ. चुकना, जाऊ दे. माफ करं तुले."

"भाऊ, त्यासले माघारी बलाव! तुना फोन उचलतीन त्या. लाव फोन!"

"तू घाबरू नको," समाधान मायेनं म्हणाला. "त्या काही करावत नही. गावले जातीन, पाटवर हातपाय धोतीन, तवलोंग बठ्ठा राग उतरी जाई."