शनिवारचा बॅकअप

वहिनींचं कानाच्या मशीनचं दुकान होतं, आणि तिथे गुपित म्हणून काही टिकत नसे. येणारं गिऱ्हाईक कमी ऐकणारं, म्हणून दुकानातले सगळे मोठ्यानं बोलायचे, आणि सवयीनं घरी गेल्यावरही मोठ्यानंच बोलायचे. अशा ठिकाणी त्यांच्या धाकट्या दिरानं दीड वर्ष एक खोटं जपून ठेवलं, याबद्दल खरं तर त्याचा सत्कारच करायला हवा होता.

या दिराला घरात सगळे बटण्या म्हणत. कुठलंही यंत्र समोर आलं की वाचण्याबिचण्याची भानगड नाही, आधी बटण दाबायचं आणि मग काय होतं ते बघायचं, ही त्याची लहानपणापासूनची रीत. दुकानातला कॉम्प्युटर म्हणूनच त्याच्या गळ्यात पडला. त्यात गिऱ्हाइकांची कार्डं होती. प्रत्येकाचं नाव, फोन, कुठल्या कानाला कुठलं मशीन, पुढची तपासणी कधी. तारीख आली की कॉम्प्युटर आपणहून गिऱ्हाइकाला मेसेज करायचा. दर शनिवारी या सगळ्याचा बॅकअप पेनड्राइव्हवर घ्यायचा आणि पेनड्राइव्ह घरी न्यायचा, एवढंच बटण्याचं काम. वहिनी शटर ओढता ओढता विचारायच्या, भाऊजी, घेतला का? आणि तो म्हणायचा, घेतला.

सुरुवातीला घ्यायचाही. मग एका शनिवारी बाहेर मित्र गाडी घेऊन थांबला होता, तेव्हा राहिला. आभाळ काही कोसळलं नाही. पुढच्या शनिवारीही राहिला, तेव्हाही कोसळलं नाही. मग पेनड्राइव्ह घरच्या ड्रॉवरमध्ये पडून राहिला, आणि "घेतला" हा शब्द तेवढा दर शनिवारी न चुकता कामावर हजर होत गेला.

वहिनींचं मात्र एक काम असं होतं, की ते त्या कुणालाच करू देत नसत. एखादं गिऱ्हाईक वारल्याचं कळलं की त्या आधी त्या घरी फोन करायच्या, नीट बोलायच्या, आणि मग त्या माणसाचं कार्ड स्वतःच्या हातानं काढून टाकायच्या. मेलेल्या माणसाच्या नावानं दुकानातून मेसेज जाता कामा नये, असा त्यांचा दंडक होता. आईचं, म्हणजे त्यांच्या सासूबाईंचं कार्डही त्यांनीच काढलं होतं. आईलाही दोन्ही कानांना मशीन होतं. ते कार्ड काढताना मात्र त्यांनी आतल्या खोलीचं दार लावून घेतलं होतं.

आणि मग एका सोमवारी कॉम्प्युटरनं मान टाकली. दुरुस्तीवाल्यानं उघडून पाहिलं, वास घेतला आणि यातलं काही हाती लागायचं नाही असं सांगून टाकलं. वहिनी शांत होत्या. आपला बॅकअप आहे ना, म्हणाल्या. तोंड उघडायची वेळ तीच होती, हे बटण्याला तेव्हाही कळत होतं. "आहे की," तो म्हणाला.

नवा कॉम्प्युटर आला. बटण्यानं त्यावर कार्डांचा प्रोग्रॅम घातला, पेनड्राइव्ह लावला आणि मनातल्या मनात प्रार्थना केली, की वहिनींना आत कुणाचा तरी कान तपासायचा असावा. पण वहिनी चहाचे कप घेऊन नेमक्या त्याच्या पाठीशी येऊन उभ्या राहिल्या. त्यानं फाइल निवडली, रिस्टोअर दाबलं. हिरवी पट्टी सरकत सरकत टोकाला गेली आणि मधोमध एक चौकट उघडली. वरच्या ओळीत बॅकअपची तारीख होती, दीड वर्षापूर्वीची, चांगली ठळक. खाली काहीतरी प्रश्न होता आणि दोन बटणं होती, हो आणि नाही. प्रश्न काय आहे हे त्यानं पाहिलंच नाही. त्याला ती तारीख दिसत होती आणि कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेणाऱ्या वहिनी दिसत होत्या. त्यानं "हो" दाबलं. चौकट गेली.

मुदत उलटून गेलेल्या तपासण्यांचे मेसेज पाठवायचे का, असा तो प्रश्न होता.

पडद्यावर नावं भराभर उतरली. वहिनींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तुम्ही होतात म्हणून, असं काहीतरी म्हणाल्या. बटण्याला चहा गोड लागेना. चोरानं चोरी करावी आणि घरमालकानं त्यालाच जेवायला बसवावं, तशी त्याची गत झाली. दीड वर्षात आलेली नवी गिऱ्हाइकं आपण हळूहळू, कुणाच्या लक्षात न येता भरून टाकू, असं त्यानं स्वतःला समजावलं. वेळ मारून नेण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

जेवणाच्या सुमारास फोन सुरू झाले. परवाच तर तपासून नेलं, पुन्हा कसली तपासणी, असं दोघातिघांनी विचारलं. मग एका बाईंचा फोन आला. तो वहिनींनी घेतला आणि घेतल्या घेतल्या त्या उभ्या राहिल्या. चुकलं हो आमचं, एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. फोन ठेवून त्यांनी त्या बाईंच्या नवऱ्याचं नाव कॉम्प्युटरवर शोधलं. कार्ड जागेवर होतं.

"हे मी काढलं होतं, भाऊजी. माझ्या हातानं काढलं होतं."

नवीन कॉम्प्युटर आहे, थोडं इकडचं तिकडे होतं, असं बटण्या म्हणाला. म्हणतानाच त्याला स्वतःची किळस आली. आणि मग एकदम त्याच्या लक्षात आलं, की हे कार्ड परत आलं असेल तर आणखी कुणाचं आलं असेल. वहिनी आत गेल्यावर त्यानं आईचं नाव टाइप केलं. आई होती. डावा कान, उजवा कान, फोन नंबर. खाली लिहिलं होतं, मेसेज गेला. आईचा फोन बाबांच्या खिशात असायचा.

आईला जाऊन वर्ष होत आलं होतं. बाबांची आठवण त्याच्या आधीपासूनच पातळ होत चालली होती. ती कुठे आहे, असं ते रोज विचारायचे. रोज वहिनी त्यांच्याजवळ बसायच्या, हात हातात घ्यायच्या आणि सांगायच्या. रोज ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखे रडायचे. बाबांनी तोंड उघडलं की बटण्याला गच्चीवरचं काहीतरी काम आठवायचं. मोठा भाऊ एकदा बोललाही त्यावरून, पण बटण्यानं तिकडे कानाडोळा केला. अलीकडे बाबांनी विचारणं थांबवलं होतं. त्यांना कळलं की ते थकले, हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण घरानं सुटकेचा श्वास सोडला होता.

घर मागच्याच गल्लीत होतं. बटण्या किल्ल्या घेऊन उठला, तोच दार उघडलं आणि बाबा आत आले. अंगात इस्त्रीचा शर्ट, केस पाणी लावून बसवलेले. हातात आईच्या मशीनची डबी. आवाज ऐकून वहिनी बाहेर आल्या, तसा बाबांनी फोन पुढे केला.

"हे बघ. तिला बोलावलंय. मशीन घेऊन स्वतः यावे, असं लिहिलंय. मशीन तर घरीच विसरली. म्हटलं, देऊन येऊ." ते दुकानभर पाहत होते. "आत आहे का? तुम्ही लोक मला काहीतरी भलतंच सांगत होतात."

असा आनंद बटण्यानं वर्षभरात त्यांच्या तोंडावर पाहिला नव्हता. पाहवतही नव्हता.

वहिनींनी मेसेज वाचला. मग पडद्यावरचं सासूबाईंचं नाव वाचलं, आणि बटण्याकडे पाहिलं.

"हा बॅकअप कधीचा आहे?"

यावर अजूनही दहा उत्तरं देता आली असती आणि सगळी बटण्याच्या जिभेवर तयार होती. त्यानं खरं सांगितलं. त्यानंतर एकाही शनिवारी घेतला नाही, हेही सांगितलं. दुकानाच्या सवयीप्रमाणे ते मोठ्यानंच निघालं. बाकावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांनी शहाण्यासारखं आपल्या कानातलं मशीन बंद केलं.

वहिनींनी बाबांना बाकावर बसवलं आणि स्वतःसाठी खुर्ची ओढली. रोज घरी ओढायच्या तशीच. त्या खुर्चीच्या आवाजानं बटण्या मेल्याहून मेला. निदान ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"वहिनी, मी सांगतो," तो म्हणाला आणि बाबांसमोर खालीच बसला. कसं सांगतात हे त्याला माहीत नव्हतं. तो त्या वेळी नेहमी गच्चीवर असायचा.

"बाबा, आई गेली. मागच्या वर्षी, दवाखान्यात. हा मेसेज खोटा आहे. माझ्या चुकीनं गेला."

बाबा त्याच्याकडे पाहत राहिले. तोंडावरचा आनंद लगेच गेला नाही, थोडा वेळ तसाच रेंगाळला, आणि ते बघणं सगळ्यात वाईट होतं. मग त्यांनी डबी मांडीवर ठेवली आणि दोन्ही हातांनी झाकली.

"मला कुणी सांगितलंच नाही," ते म्हणाले.

वहिनींनी खाली पाहिलं. शेकडो वेळा सांगितलेली बाई ती.

"मी नाही सांगितलं, बाबा."

ते रडले. रोजचंच ते रडणं, पण बटण्याला नवं होतं. बऱ्याच वेळानं त्यांनी शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले आणि विचारलं, "मी होतो का तिथं?"

"होतात. तिचा हात तुमच्या हातात होता."

हे त्यांना पटलं. त्यांनी दोनतीनदा मान हलवली.

"आणि तू?"

त्या दिवशी मोठ्या भावानं दोनदा फोन केला होता, लवकर ये म्हणून. निघालोच, असं बटण्या दोन्ही वेळा म्हणाला होता, आणि याच दुकानात कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीवर बसून राहिला होता, कारण त्याला ते बघायचं नव्हतं. रस्त्यात अडकलो, असं मागाहून सगळ्यांना सांगितलं होतं. ते घरानं मान्य केलं होतं. त्याला कुणी पुन्हा विचारलंही नव्हतं.

"नव्हतो," तो म्हणाला. "मला बोलावलं होतं. मी इथून निघालोच नाही."

वहिनींनी मान वर केली. पण बाबांचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. त्यांनी हात पुढे केला आणि बटण्याच्या डोक्यावर ठेवला, दुःखाची बातमी आत्ताच आलेल्या माणसाच्या ठेवावा तसा.

"म्हणजे तुलाही आजच कळतंय," ते म्हणाले, आणि बाकावर थोडे सरकून त्यांनी त्याला जागा करून दिली.