मी जळालेली क्लचप्लेट बोलतेय

मी एक जुनी क्लचप्लेट आहे. जुनी म्हटलं म्हणून लगेच हळहळायला लागू नका, मित्रांनो. मला कुणाची कीव नको. मी अडगळीत पडून गंजले नाही. मी काम करता करता झिजले. खरं सांगायचं तर निम्मीच झिजले, बाकी मला जाळलं. कुणी, ते सांगतेच. मी काही कुणाला भीत नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पोलादाची गोल चकती, दोन्ही अंगांना खरखरीत अस्तर, ते पक्कं धरून ठेवणारे पितळी रिव्हेट आणि मधोमध चार स्प्रिंगा. बशीपेक्षा मोठी, ताटापेक्षा लहान, अशी मी. खोक्यात बसून मी एका गॅरेजात आले आणि एका लाल, बुटक्या, दोनच माणसं बसतील अशा स्पोर्ट्स कारमध्ये माझी नेमणूक झाली.

आता तुम्ही म्हणाल, वा! म्हणजे रविवारी कापडाखालून काढायची, पुसायची नि परत झाकायची. छट्! आमची मालकीण जनावरांची डॉक्टर होती. डिकीत रबरी बूट, दोरखंड आणि बादली, सीटवर वासरांचे केस. गाडी रोज कामावर. कुणी नाक मुरडलं तर डॉक्टरीणबाई म्हणायच्या, "गाडी धावायला केलीय. धूळ पुसून घ्यायला नाही." हे वाक्य ऐकलं की माझ्या चारही स्प्रिंगा ताठ व्हायच्या.

माझं काम साधं आहे. इंजिनाच्या पाठीला फ्लायव्हील नावाचं एक जड लोखंडी चाक असतं. मी त्याला थोरला म्हणायचे. थोरला इंजिनासोबत सतत गरगरतो. क्लचचं पेडल सोडलं की मला थोरल्यावर घट्ट दाबलं जातं, आम्ही एकजीव होऊन फिरतो आणि गाडी पळते. पेडल दाबलं की मी सुटी. आम्हाला सोसत नाही ते फक्त अर्धवट पेडल. तेव्हा थोरला फिरत राहतो, मी जागच्या जागी असते आणि आम्ही एकमेकांना नुसते खरवडतो. गाडी सुटताना क्षणभर तेवढं चालायचंच. पण मिनिटं-मिनिटं? आपला तळहात सतरंजीवर मिनिटभर जोरात घासून बघा आणि मग माझ्याशी बोला.

वरच्या वस्त्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक चढ होता, आणि नेमकं त्या चढावर रेल्वेचं फाटक. ते हमखास बंद असायचं. इतर लोक तिथे हँडब्रेक ओढून बसायचे. आमच्या डॉक्टरीणबाई नाही! त्या अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरायच्या. ना पुढे, ना मागे, अगदी खिळल्यासारखी. ही कला त्यांना बाबांनी शिकवली होती. बाबांनी तीस वर्षं बस चालवली होती. "हँडब्रेक नवख्यांसाठी असतो, बाळा," ते सांगायचे. "खरा ड्रायव्हर गाडी पायावर तोलतो." पोरीनं ते मनावर घेतलं. बाबांचा शब्द म्हणजे तिला काळ्या दगडावरची रेघ.

तीन वर्षं, रोज. खाली मी करपायचे, वर डॉक्टरीणबाई नाक आक्रसून म्हणायच्या, "पुढच्या ट्रकचा कसला वास येतोय हा!"

शेवटी व्हायचं तेच झालं. वर एक गाय अडली होती, वासरू आडवं होतं, दोन वेळा फोन येऊन गेला होता. फाटक उघडलं, डॉक्टरीणबाईंनी पेडल सोडलं, इंजिन ओरडलं आणि गाडी तसूभरही हलली नाही. माझ्याकडे धरायला अस्तरच उरलं नव्हतं. थोरला माझ्या अंगावरून नुसता घसरत होता. त्यांनी गाडी कडेला ढकलून घेतली, बॅग उचलली आणि उरलेला चढ पळत चढल्या. गाय वाचली, वासरूही वाचलं. बदनाम मात्र मी झाले.

दुसऱ्या दिवशी गॅरेजात पंचायत बसली. डॉक्टरीणबाईंचा मोठा भाऊ आला होता, बाबा स्टुलावर बसले होते, आणि मिस्त्री गाडीखाली आडवे होऊन गिअरबॉक्स उतरवत होते.

"मी म्हणत नव्हतो?" भाऊ म्हणाला. "विकून टाक. माझ्या ओळखीत एक शौकीन आहे. छान झाकून ठेवील. तू एखादी शहाण्यासारखी गाडी घे."

"शहाण्यासारखी म्हणजे कशी रे, दादा?"

"चार दारांची!"

बाबांनी मान डोलावली. "मालच हलका आहे गं. तीन वर्षांत प्लेट जाते म्हणजे काय? मी तीस वर्षांत एक प्लेट जाळली नाही."

हलका माल! मी! माझ्या अंगाची लाही लाही झाली. पण माझं ऐकतंय कोण?

मिस्त्रींनी मला बाहेर काढून उजेडात धरलं. माझे रिव्हेट उघडे पडले होते. थोरल्याच्या तोंडावर निळे-काळे डाग होते, भेगाही गेल्या होत्या. "हे लेथवर घासूनही भागणार नाही," मिस्त्री म्हणाले. "भेगा खोल आहेत. आणि ताई, या गाडीचं फ्लायव्हील बनायचं कधीच बंद झालंय. जुन्या साठ्यातलं एक शेवटचं मी जपून ठेवलंय. हेही गेलं तर ही गाडी नुसती बघायची. मग बोलवा त्या शौकिनाला."

डॉक्टरीणबाईंचा चेहरा पडला. मिस्त्रींनी विचारलं, "फाटकावर गाडी कशी धरता?"

त्यांनी सीटवर बसून पाय तोलून दाखवला. मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. "अहो, ही प्लेट झिजलेली नाही, भाजलेली आहे! हे असं शिकवलं कुणी तुम्हाला?"

डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "कुणी नाही. माझीच सवय आहे."

धडधडीत खोटं बोलल्या, मित्रांनो. आणि मला त्याचा रागसुद्धा आला नाही.

मिस्त्रींना काय माहीत! त्यांनी मला सरळ बाबांच्या हातात दिलं. "काका, तुम्ही जाणकार. तुम्हीच बघा."

बाबांनी मला उलटंपालटं केलं. रिव्हेटांवरून अंगठा फिरवला.

"मी ही कधी बघितलीच नव्हती," ते म्हणाले. "माझ्या सुट्टीच्या दिवशी बस आगारात जायची. मी घरी. वर्षाकाठी एकदा तरी सुट्टीवरून यावं तर पेडल एकदम हलकं. मला वाटायचं, ग्रीस केलं असेल."

मिस्त्री छताकडे बघायला लागले. हसू आवरत होते बिचारे. ग्रीस कसलं, दर वेळी आगारात नवी प्लेट बसत होती!

"बाबा, जाऊ द्या ना," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"का जाऊ द्या? तुझी सवय नाही ही. माझी आहे. ही प्लेट मी जाळली." बाबा उठून उभे राहिले. भाऊ काही बोलायला गेला तर त्याच्यावरच उखडले, "आणि गाडी विकायची नाही! खोट गाडीत नाही, पायात आहे. पाय विकतोस का माझा?"

मी मनातल्या मनात टाळ्या पिटल्या.

मग नवं फ्लायव्हील चढलं. मिस्त्रींनी नवे बोल्ट समोरासमोरचे धरत थोडे थोडे आवळले. नवी प्लेट खोक्यातून निघाली तशी बाबांनी कौतुकानं हात पुढे केला. "काका! तेलाचा हात! प्लेट घसरेल!" मिस्त्री असे ओरडले की बाबांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि काम संपेपर्यंत सोडले नाहीत. त्या कोवळ्या पोरीला मी भंगाराच्या पिंपातून ओरडून सांगितलं, "चढाला घाबरू नकोस. अर्धवट पायाला घाबर!" तिला ऐकू गेलं की नाही, कोण जाणे.

हो, मला पिंपात टाकलं होतं. पण बाबा वाकले आणि मला बाहेर काढलं. "ही माझी," म्हणाले. थोरला काही त्यांच्याच्यानं उचलवला नाही. तो आता गॅरेजच्या दाराला टेकण म्हणून बसलाय. केवढाही वारा सुटो, दार हलू देत नाही.

आम्ही तिघं निघालो. डॉक्टरीणबाई चालवायला, शेजारी बाबा, बाबांच्या मांडीवर मी. चढ आला. फाटक अर्थातच बंद. डॉक्टरीणबाईंनी हँडब्रेक कर्रकन ओढला, गिअर काढला आणि पेडलवरून पाय उचलून खाली ठेवला. मी बाबांच्या मांडीवरून पाहिलं, तर बाबांचा डावा पाय! पायाखाली पेडल नाही, काही नाही, आणि तो आपला मॅटवर अर्धवट दाबून धरलेला.

"बाबा, पाय."

"अगं हो, हो." त्यांनी पाय मागे घेतला.

फाटक उघडलं. गिअर टाकला, पेडल वर येऊ लागलं, हँडब्रेक सुटायला उशीर झाला आणि इंजिन धक्का देऊन बंद पडलं. मागून हॉर्नचा कल्लोळ. एक जण तर खिडकीतून ओरडला, "चालवता येत नाही तर काढता कशाला?"

डॉक्टरीणबाईंचे कान लाल झाले. पाय नकळत जुन्या सवयीकडे निघाला, मला कळलं ते. तेवढ्यात बाबांनी काच खाली केली. तीस वर्षं भरलेल्या बस हाकलेल्या त्या माणसानं मला हातात उंच धरलं, अर्धं अंग बाहेर काढलं आणि ते साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "शिकतोय आम्ही! थांबा जरा!"

हॉर्न थांबले. इंजिन पुन्हा सुरू झालं. पेडल हळूहळू वर आलं, गाडीचं नाक किंचित उचललं, हँडब्रेक सुटला आणि आम्ही फाटक ओलांडून वर निघालो. कसलाही वास आला नाही.

मित्रांनो, वस्तू वापरा. दणकून वापरा, आम्ही त्यासाठीच जन्मलो आहोत. पण ती बिघडली तर तिला हलकी म्हणण्याआधी एकदा आपल्या पायाकडे बघा. बाबांनी मला आता घरात, बुटांच्या फळीवर खिळ्याला टांगलंय. बाहेर निघताना ते रोज माझ्याकडे बघतात आणि मीही त्यांच्याकडे बघते. नजर खाली घालायचं मला काही कारण नाही.