कोरडे पाय

"हलू नकोस. नाहीतर देईन सोडून पाण्यात."

"दे की! आई आज मक्याच्या पोलेंटाऐवजी तुलाच ढवळेल कढईत." पाठीवरचा फेर्मो हसला.

बोर्तोलो मांडीएवढ्या पाण्यातून चालला होता. बुटाचे तळ ओले झाले की विमान वळवायच्या पायदांड्यावरून सटकतात. म्हणून वैमानिकाला पाठीवर घेऊन पाण्यावर तरंगणाऱ्या विमानापर्यंत न्यायचं, ही गार्दा सरोवरावरची रीत. धाकट्या भावाला न्यायचं काम बोर्तोलोकडे होतं. लहानपणी ओढा ओलांडतानाही तोच न्यायचा. तेव्हा ते ओझं वाटत नसे.

विमानदलाच्या भरतीला खरं तर बोर्तोलोच निघाला होता, फेर्मो नुसता सोबतीला. डॉक्टरांनी लोकरीचे गुंडे पुढे टाकले आणि लाल-हिरवे वेगळे करायला सांगितले. बोर्तोलोने मन लावून केले, तरी दोन्ही ढिगांत सरमिसळच झाली. डॉक्टर हसले नाहीत, हेच त्याला जास्त लागलं. मग ते सहज फेर्मोकडे वळले. "तू कर बघू."

आज फेर्मोची चाचणी होती. हवा तो वेग गाठला तर शर्यतीच्या संघात जागा, नाहीतर परत टपालाची विमानं. सकाळी आई म्हणाली होती, "त्याला जपून ने हो, बोर्तोलो." बोर्तोलो जेवण अर्धंच टाकून उठला होता.

"रंग बघितलास?" फेर्मो म्हणाला. "निखारा नुसता!"

बोर्तोलोला विमान वाळल्या चिखलासारखं दिसत होतं. एकदाच गुडघा वाकवायचा, की झालं. पाय घसरला म्हणता आलं असतं. त्याने गुडघा वाकवला नाही. भावाला विमानाच्या होडीसारख्या पायावर उतरवलं आणि मनात म्हटलं, आज हर. एकदाच हर.

पाणी आरशासारखं होतं. असं पाणी विमानाला धरून ठेवतं, म्हणून तळावरचा बोटवाला झेनो आपली मोटरबोट गोल गोल फिरवून लाटा उठवत होता. लाटांवर आपटत विमान सुटलं, वर गेलं, दूरच्या वळणावर कललं. तिथे इंजिनाचा आवाज तुटला.

बरं झालं, असं बोर्तोलोच्या मनात आलं. मग पाणी उसळलेलं दिसलं.

झेनोची बोट तिकडे धावली. बोर्तोलो छातीएवढ्या पाण्यात शिरला.

"शेपूट वर आहे! ते काय!" काठावरून यंत्रकामगार ओरडला.

"कुठे?"

"आंधळा आहेस का? एवढं लालभडक दिसतंय!"

बोर्तोलोने डोळे फाडून पाहिलं. समोर सगळं एकाच रंगाचं होतं. तो भावाला हाका मारत राहिला. बोट वळून परत येईपर्यंत त्याचा आवाज बसला होता.

बोट उथळ पाण्यात थांबली. घोंगडीत गुंडाळलेला फेर्मो थरथरत बसला होता. एका पायात बूट नव्हता.

"संपलं रे," तो म्हणाला. "आता टपालच."

बोर्तोलोने बोटीकडे पाठ केली आणि तो वाकला.

"अरे, आता कोरडं काय राहिलंय माझं?"

"चढ."

फेर्मो चढला. मघापेक्षा कितीतरी जड होता. त्याच्या कपड्यांतलं गार पाणी बोर्तोलोच्या मानेवरून आत उतरत होतं. तळाचा एकेक दगड पायाने चाचपत तो काठाकडे निघाला, जपून.