फिरकीच्या तांब्यातला समुद्र

मित्रांनो, फिरकीचा तांब्या तुमच्यापैकी किती जणांनी पाहिला आहे कोण जाणे. मी तोच. पितळेचा, पोट सुटलेला, आता जुना झालेला. माझं झाकण नुसतं ठेवत नाहीत, आटे फिरवून घट्ट बसवतात. मग गाडी कितीही हिंदकळो, थेंब सांडत नाही. हल्लीच्या प्लास्टिकच्या बाटल्यांनी माझ्यापुढे तोरा मिरवू नये. त्यांच्या जन्माआधी मी समुद्र पाहून आलो आहे.

माझा जन्म हैदराबादच्या कसारहट्ट्यातला, म्हणजे भांड्यांच्या बाजारातला. तांबटाने मला ठोकून आकार दिला, आतून कल्हई केली आणि दुकानात टांगलं. तिथून मला नारायणगुड्याच्या चतुराबाईंनी उचललं. त्यांनी फिरकी लावली, मला उलटं धरून हलवलं आणि दुकानदाराला म्हणाल्या, "गळला तर आणून तुझ्याच डोक्यावर ओतीन." मी गळलो नाही. त्या घरात गळायची कोणाची छाती नव्हती.

बाईंचं सोवळं कडक. स्टेशनच्या नळाचं पाणी त्यांना चालत नसे. म्हणून प्रत्येक प्रवासात घरच्या आडाचं पाणी भरून मी त्यांच्या मांडीवर बसायचो. "तोंड कधी उघडायचं नि कधी मिटायचं ते या घरात यालाच कळतं," असं त्या थोरल्या सुनेच्या देखत म्हणायच्या. निर्मलाबाई पदराआड हसायच्या.

मग ते वर्ष आलं. हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. तेलंगण आंध्राला गेलं, मराठी जिल्हे मुंबई राज्याला, कानडी जिल्हे म्हैसूरला. त्याची चीर आमच्या घरातूनही गेली. थोरल्या एकनाथरावांची वकिली हैदराबादेत. धाकटे प्रतापराव सरकारी नोकर, त्यांना मुंबई राज्यात टाकलं, औरंगाबादला. आई आपल्याकडेच राहावी असं दोघांनाही वाटत होतं, आणि त्यावरून भाऊ एकमेकांशी मोजकं बोलायला लागले होते.

बाई परेशान. त्यांचं माहेर औरंगाबादकडचं आणि सगळा संसार इकडचा. "माहेर आता म्हणे परराज्यात," त्या मला घासताना पुटपुटायच्या, "आणि ज्याचं कधी तोंड पाहिलं नाही तो समुद्र आपला झाला. हे कोणी ठरवलं रे?" मला काय ठाऊक? मी तांब्या.

शेवटी त्यांनी मुलांना सांगितलं, "कार्तिकी पौर्णिमेला बंदरला जाऊन समुद्रात स्नान करते. आल्यावर मावंदं झालं की सांगीन कोणाकडे राहायचं ते." मावंदं म्हणजे यात्रेहून आणलेलं पाणी देवांवर घालून गणगोताला जेवू घालणं. त्याशिवाय यात्रा पुरी होत नाही. दोघेही लेक सोबत निघाले.

बंदर म्हणजे मच्छलीपट्टण. आम्ही पठारावरची माणसं, स्टेशनाबाहेर पाय ठेवताच लाटा दिसतील असं आम्हाला वाटलेलं. दिसले ते घोड्यांचे जटके आणि ताडाची झाडं. समुद्र गावाबाहेर लांब होता. कधीकाळी इथे सातासमुद्रापलीकडची गलबतं लागायची म्हणे. आता पडक्या भिंती होत्या, आणि जुन्या दगडी कबरी, त्यांवरची अक्षरं आमच्यातल्या कोणालाच वाचता येईनात.

"कोण निजलंय इथे?" बाईंनी विचारलं.

"डच व्यापारी, आई," प्रतापराव म्हणाले.

"मेल्यावरही घरी नेलं नाही कोणी." एवढं बोलून त्या जटक्याकडे वळल्या.

पुढे अगस्त्येश्वराचं पुरातन देऊळ झालं. मग चिलकलपुडीच्या देवळात गेलो, तर समोर कमरेवर हात ठेवून आपला पांडुरंग. भोवती सगळी तेलुगू भजनं. बाई उंबऱ्यातच थबकल्या.

"हा इथे कसा? याचीही बदली झाली का रे?"

"त्याला कुठेही करमतं, आई," एकनाथराव म्हणाले.

"हौ, करमेल. त्याला दोन लेक कुठेत ओढायला."

मग समुद्र. मित्रांनो, मी हुसेनसागर पाहिलेला. मला वाटलं, तसाच जरा मोठा असेल. पण याला पलीकडचा काठच नव्हता, आणि पाणी येत होतं की जात होतं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. बाईंनी स्नान केलं आणि मला बुडवून भरलं. काठावरचा म्हातारा पुजारी तेलुगूत म्हणाला, "अम्मा, पितळेत नको. काचेच्या बाटलीत न्या." बाईंना सगळं समजलं होतं.

"बाटलीतून काय नेतात ते ठाऊक आहे आम्हाला," त्या म्हणाल्या. "काशीचं पाणी तांब्यात वर्षानुवर्षं राहतं. याला काय धाड भरली?" आणि त्यांनी अंगातला सगळा जोर लावून फिरकी आवळली.

वाटेतच माझ्या पोटात आग पडली. कल्हईचे पापुद्रे सुटले. मीठ आट्यांत शिरून बसलं.

मावंद्याच्या दिवशी पाटावर देव, ओसरीवर पाहुणे, आणि माझी फिरकी हलेना. एकनाथरावांनी जोर लावला. प्रतापरावांनी मला त्यांच्या हातून ओढून घेतलं. "तुला जमायचं नाही, सोड." "तूच सोड." पाहुणे जेवून गेले, मी बंदच.

प्रतापरावांच्या ट्रंका दाराशी बांधून तयार. ते रोज विचारायचे, "आई, काय ठरलं?" बाई माझ्याकडे बोट दाखवायच्या. "यात्रा कुठे पुरी झालीय?" त्या मला रोज चिंचेने लख्ख घासायच्या, पण फिरकीला हात लावायच्या नाहीत. मला उघडायचं होतं. त्यांना मी उघडायला हवा होतो की नको, ते मला कळेना. बहुतेक त्यांनाही कळत नसावं.

अखेर निर्मलाबाईंनी आट्यांत गरम तेल सोडलं आणि दिरा-नवऱ्याला समोरासमोर बसवलं. "एकाने पोट धरा, एकाने झाकण. भांडायचं नंतर."

भावांनी धरलं. कर्रकन आवाज झाला आणि मी उघडलो. आत हिरवं, कडवट वासाचं पाणी.

"हे देवांवर घालू?" बाई म्हणाल्या. "तुळशीतही नको, मरेल बिचारी." त्यांनी ते मोरीत ओतलं आणि पदराला हात पुसले. "यात्रा राहिली. अर्धी यात्रा टाकून मी राज्य ओलांडत नाही. प्रताप, पुढच्या कार्तिकीला तू यायचंस आणि मला परत बंदरला न्यायचंस. तोवर मी इथेच."

"आणि त्यानंतर, आई?"

"तेव्हाचं तेव्हा. हा तांब्या तू घेऊन जा. याच्याशिवाय मला प्रवास होत नाही, म्हणजे तुला यावंच लागेल."

असा मी औरंगाबादचा झालो, आणि दर कार्तिकात हैदराबादचा. यात्रा काही पुरी होईना. एकदा काचेची बाटली गाडीत फुटली, एकदा मावंद्याला सुतक आडवं आलं. बाई हळहळायच्या, पण फार नाही. मग एका कार्तिकात आम्ही नारायणगुड्यात पोहोचलो, तर मला मांडीवर घ्यायला बाई उरल्या नव्हत्या. दोघं भाऊ आडाशी गेले, एकाने मला धरलं, दुसऱ्याने पाणी भरलं. त्यानंतर प्रतापराव मला घेऊन परतले.

आता मी औरंगाबादेत माळ्यावर आहे, मोडक्या पंख्याशेजारी. आतला हिरवा डाग निघालेला नाही. मित्रांनो, पितळेच्या भांड्यात खारं काही ठेवू नका, ठेवलंच तर लगेच गोड्या पाण्याने धुवा आणि वेळच्या वेळी कल्हई लावा. झाकण अडकलं तर एकट्याने रागाने पिळू नका. दुसऱ्याला पोट धरायला बोलवा.

आणि कार्तिक आला की मला खाली काढा. कुठे न्यायचं ते माझं मलाही नक्की माहीत नाही. फक्त फिरकी फार आवळू नका.