रात्रीचा गारठा टिपताना

मित्रांनो, ताठ उभं राहण्याचं भाग्य माझ्या नशिबी नव्हतं. मी आडवा निजून काम करणारा एक जुना तापमापक आहे. झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत पडून रात्रीचा सर्वांत थंड क्षण टिपायचा, हे माझं काम. माझ्या पोटातल्या स्पिरिटमध्ये एक बारीक काडी आहे. गारठ्याने स्पिरिट आकसतं आणि काडीला मागे ओढतं. पुन्हा ऊब आली तरी काडी तिथेच राहते. सकाळी हवामान केंद्राचे निरीक्षकबाबा आकडा टिपून मला तिरका करायचे, की काडी जागेवर. शेजारी माझा भाऊ दुपारचा सर्वांत चढा पारा टिपायचा. बातम्यांत मिरवायचा तोच. मला कोण विचारतो?

एका वादळात पेटी डगमगली. बाबांनी मायेपोटी ती सिमेंटच्या नव्या भिंतीच्या आडोशाला आणली. ती भिंत दिवसभर ऊन साठवायची आणि रात्रभर मला शेक द्यायची.

पुढे बाबांची लेक हवामानाची संशोधक झाली. हवा तापते ती निसर्गाच्या लहरीने की माणसाच्या करणीने, हे तिला शोधायचं होतं. समुद्र काही वर्षं तापतो, काही वर्षं निवतो. लांबच्या हिशेबात ते फिटून जातं. सूर्याचा जोर वाढला असता, तर दिवस जास्त तापले असते. इथे तर रात्रीच जास्त उबदार झाल्या होत्या, कारण धुरातल्या वायूंचं पांघरूण उष्णता वर जाऊ देत नव्हतं. तिचा सारा पुरावा रात्रीच्या आकड्यांवर होता. माझा भाव एकदम वधारला!

मग तिची नजर भिंतीकडे गेली. बाबांचा चेहरा उतरला. "पेटी मीच हलवली गं. आता तुझं काम फुकट जाणार का?"

खरं तर रात्री आणखी उबदार दाखवून भिंत लेकीच्याच बाजूने साक्ष देत होती. लेक गप्प बसली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. पण ती म्हणाली, "भिंतीचं भिंतीला देऊ या, बाबा. उरेल ते बघू."

तिने मोकळ्या मैदानात दुसरा तापमापक ठेवला आणि वर्षभर आमचे आकडे ताडून पाहिले. माझा जीव टांगणीला लागला होता. भिंतीची ऊब वजा झाली, वाढ घटली, पण संपली नाही. दूरदूरच्या केंद्रांतल्या माझ्या भावंडांनीही तेच सांगितलं.

"म्हणजे सगळा दोष माझा नाही तर," बाबा हसले.

"थोडा आहे," ती म्हणाली. "आपल्या सगळ्यांइतकाच."

आता मीही मैदानात सुखाने पडून असतो. मित्रांनो, माझी काच पुसा, झडपांना रंग द्या, मला आनंदच होईल. गारठा टिपायला मी अजून धडधाकट आहे. टिपण्याजोगा गारठा तेवढा तुम्ही राखा.