फवारून किती दिवस झाले?

बुधवारी सकाळी फवारा मारता मारता गोकुळ वांग्याच्या सरीतच खाली बसला, तेव्हा लक्ष्मीबाईला वाटलं, पोरगं उन्हानं दमलं असंल. पाठीवरचा पंप गळत होता आणि सदरा पार भिजला होता. ती पाण्याचा तांब्या घेऊन धावली. जवळ जाऊन बघते तर तोंडाला फेस, अंगाला दरदरून घाम, आणि डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या.

"माय, दिसंना गेलं," एवढंच तो म्हणाला आणि भडभडून ओकला.

करमाडच्या दवाखान्यात नेईपर्यंत सून सोनिया त्याचं डोकं मांडीवर धरून बसली होती. डॉक्टरीणबाईंनी आधी त्याचा सदरा कापून काढला, अंग धुवायला लावलं आणि मग सुयांवर सुया दिल्या. दुपार कलताना त्याचा श्वास ठिकाणावर आला. तेव्हा कुठं त्यांनी विचारलं, "औषध कोणतं होतं?"

लक्ष्मीबाईनं पिशवीतून दोन बाटल्या काढल्या. "दोन्ही येकातच कालवली व्हती. दुकानदार म्हन्ला, एकीनं अळी मरत नाय."

डॉक्टरीणबाईंनी बाटलीवरच्या लाल त्रिकोणावर, जहाल विषाच्या खुणेवर, बोट ठेवलं. "कशावर मारलं हे?"

"वांग्यावर."

"आणि तोडणी?"

"आज सांच्याला. उद्या छावणीचा बाजार हाय."

डॉक्टरीणबाईंनी बाटली तिच्यापुढं धरली. "मावशी, फवारल्यावर किती दिवस तोडायचं नाही, ते लिहिलेलं असतं यावर."

"लई बारीक लिव्हतेत बाई. कोन वाचतंय?" असं म्हणून लक्ष्मीबाई उठली खरी, पण पायरी उतरताना तिला स्वतःच्याच बोलण्याची लाज वाटली.

सोनियाला नवऱ्यापाशी ठेवून ती घरी आली. बाजार म्हटला की हातांना सवय होती, ते थांबत नव्हते. तिनं शेजारच्या दोघी बायांना हाक मारली, वांगी तोडली, ओल्या फडक्यानं एकेक पुसून चकचकीत केली. असंच तर सगळे करतात. गिऱ्हाईक धुऊन घेतं, चुलीवर शिजवतं, काय राहतंय त्यात? इतकी वर्षं कुणी मेलं का? मनाची अशी समजूत घालत तिनं कॅरेट भरले.

दुसऱ्या दिवशी शहरातल्या छावणीच्या बाजारात ती नेहमीच्या जागी बसली. गर्दी वाढायच्या आतच मीनाक्षीताई आल्या. बारा-चौदा वर्षांचं गिऱ्हाईक. नवरा अनंतराव बँकेतून निवृत्त झालेला. दोघं मिळून भाजी घ्यायचे आणि लक्ष्मीबाईशी चार शब्द बोलल्याशिवाय हलायचे नाहीत. आज सोबत लेक होती, अश्लेषा. सातवा महिना असावा.

"लक्ष्मीबाई, हिला तुमच्या वांग्यांचं भरीत खायचे डोहाळे लागलेत," मीनाक्षीताई हसून म्हणाल्या आणि कोवळी वांगी निवडायला लागल्या. एकालाही भोक नव्हतं. "किती छान आलीत यंदा!"

लक्ष्मीबाईनं तराजू उचलला. समोर पोरीचं पोट होतं आणि डोळ्यांपुढं गोकुळच्या त्या बारीक झालेल्या बाहुल्या. तराजू तसाच खाली ठेवत ती म्हणाली, "ही नका घेऊ ताई."

"का? किडकी आहेत?"

"नाय. किडकी नायत म्हनून तर म्हन्ते. कालच फवारलीत. लई जहाल दवा हाय. माझं लेकरू त्याच्या वासानं दवाखान्यात पडलंय."

मीनाक्षीताईंच्या हातातलं वांगं कॅरेटमध्ये पडलं. त्यांनी पदराला बोटं पुसली. क्षणभर त्यांचे डोळे भरून आल्यासारखे झाले. "बरं झालं सांगितलंत हो." मग त्यांच्या मनात दुसरंच काही आलं. "म्हणजे आजवर जी दिली, ती पण अशीच?"

लक्ष्मीबाईला खोटं बोलता आलं असतं. "बऱ्याच येळेला," ती म्हणाली.

"आणि घरी? घरी तुम्ही हीच खाता?"

विहिरीमागं दोन वाफे होते. तिथं गोकुळ पंप घेऊन कधी जायचा नाही. त्या वाफ्यांची तिला आजवर कधी लाज वाटली नव्हती. ती खाली मान घालून म्हणाली, "नाय. घरची येगळी."

मीनाक्षीताई मागं सरल्या. लेकीचा दंड धरून निघून गेल्या. मागं उभ्या असलेल्या दोन बायांनी सगळं ऐकलं होतं, त्यांनीही पिशव्यांची तोंडं मिटली. शेजारी करमाडचाच मोतीराम बसायचा. तो दातओठ खात म्हणाला, "वैनी, येडी झाली का? तुझं नासलं तं नासलं, आमच्या पोटावर कशाला पाय देती?"

तिनं भरलेले कॅरेट तसेच परत आणले. जनावरांपुढं टाकायचीही हिंमत झाली नाही. बांधाच्या कडेला खड्डा करून सगळी वांगी गाडली.

तीन दिवसांनी गोकुळ घरी आला. बुजवलेला खड्डा बघून त्याला सगळं कळलं. त्याचा आवाज चढला. "माय, भोक पडलेलं वांगं कोन घेतंय? तूच येऊन सांगायची, बायका उलटून पालटून बघतेत म्हनून. मला काय हौस हाय व्हय पंप पाठीवर घ्यायची?"

"तसं न्हाई रे बाबा."

"मंग कसं?"

सोनिया चहा घेऊन आली होती. ती दारातूनच म्हणाली, "तुमी पंप पुन्हा पाठीवर घेतला तर मी माहेरी पिशोरला जाईन. मग काय इकायचं ते इका." एवढं जोरात बोलायची तिची रीत नव्हती. गोकुळनं चहाची कपबशी हातात घेतली. पुढच्या गुरुवारी बाजाराला जाणं झालं नाही.

त्यापुढच्या गुरुवारी लक्ष्मीबाई अर्धा कॅरेट वांगी घेऊन गेली. अळीनं निम्मा माल खाल्ला होता. वेचून आणलेल्यातही कुठं भोक, कुठं वाकडेपणा. बायका यायच्या, एखादं उचलायच्या आणि ठेवून पुढं जायच्या. मोतीरामच्या पुढ्यात मात्र जांभळा, तुकतुकीत ढीग होता आणि ढिगापुढं मीनाक्षीताई उभ्या होत्या.

लक्ष्मीबाईशी नजरानजर झाली तशा त्या ओशाळल्या. जवळ येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "राग मानू नका. तुम्ही खरं सांगितलंत, पण आता तुमच्याकडचं घ्यायला हात धजत नाही."

"आन त्याच्याकडचं?"

"त्यांनी तसं काही सांगितलं नाही ना," मीनाक्षीताई म्हणाल्या आणि भरलेली पिशवी घेऊन रस्त्याकडं वळल्या.

लक्ष्मीबाई मोतीरामकडं वळली. "कवा मारलं?"

"परवा," तो तोंडातल्या तोंडात म्हणाला. "तुला काय करायचं? गप बस."

ती बसली नाही. गर्दीतून वाट काढत धावली. मीनाक्षीताई रिक्षात बसत होत्या. "ताई, ती लेकीला नका घालू! परवाच फवारलीत. त्यानं सोताच सांगितलं."

मीनाक्षीताईंनी तिला वरून खालपर्यंत न्याहाळलं. चेहऱ्यावरचा ओशाळलेपणा गेला होता. "लक्ष्मीबाई, गिऱ्हाईक गेलं म्हणून दुसऱ्याच्या मालाला नावं ठेवायची? तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

रिक्षा निघून गेली. पिशवीतली वांगी त्या घरी चुलीवर चढतील की उकिरड्यावर जातील, हे तिला कधीच कळणार नव्हतं.

ती जागेवर परतली तेव्हा मोतीराम पाठ करून बसला होता. एक म्हातारे गृहस्थ तिची वांगी चाचपत होते. "अळी आहे का हो यात?"

"हाय," लक्ष्मीबाई धापा टाकत म्हणाली. "कापताना बघून घ्या. फवारून पंधरा दिवस झाले."

"पंधरा दिवस? असं तर कुणी सांगत नाही," म्हातारे म्हणाले. त्यांनी अर्धा किलो मागितली. तिनं तराजू उचलला आणि एकेक वांगं भोकाची बाजू वर करून पारड्यात ठेवलं.