चार आठांची आरती

मंगळवारी आणि शुक्रवारी दिग्रसच्या नीळकंठ सरांच्या बैठकीत मुंगीला शिरायला जागा नसायची. निर्यातबंदीचं वर्ष होतं. जिनिंगची यंत्रं थांबली होती, मार्केट यार्डात कापसाच्या गाड्या जागच्या जागी उभ्या होत्या आणि माणसांजवळ वेळच वेळ होता. रिकाम्या माणसाला चमत्कार लवकर दिसतो.

बैठकीत देव नव्हता, कॉम्प्युटर होता. त्याला झेंडूचा हार होता, कीबोर्डवर हळदकुंकू होतं आणि पडद्याच्या कडेला चिकटवलेला सरांच्या मुलाचा, अवधूतचा फोटो. समोर पाटावर बोरी अरब गावचे नागोराव महाराज. त्यांचा चेला कॉम्प्युटरवरची एक छोटी चौकट उघडायचा. त्या चौकटीत इंटरनेटचे नंबर लिहायची जागा होती. तिथला नंबर तो सगळ्यांसमोर पुसायचा आणि कॉम्प्युटर बंद करायचा.

"डोये मिटा!" महाराज गरजायचे. "आत्म्याकडं उघड्या डोयानं पाहू नोका. आंधये व्हाल!"

मग कॉम्प्युटर सुरू व्हायचा आणि आरतीही. टाळ, घंटी, कापूर. आरती संपली की चेला चौकट पुन्हा उघडायचा, आणि मघाशी पुसलेले चार आठ तिथं पुन्हा हजर असायचे. आठ, टिंब, आठ, टिंब, आठ, टिंब, आठ.

"आला का नाही लेकरू? आठ म्हंजे अष्टसिद्धी! आठ म्हंजे अष्टभुजा! आठ म्हंजे आठवी दिशा! आत्मा तं अमर होताच, आता तेले कनेक्शन भेटलं!"

आठवी दिशा कोणती, हे कुणी विचारलं नाही. बायका डोळे पुसायच्या. अवधूतची आई शुभदा पडद्यापुढे पेढा ठेवायची आणि तो खाल्ला जाईल अशा आशेनं पाहत बसायची.

अवधूत पौषात गेला. एका जिनिंगमध्ये कॉम्प्युटरवर होता. दारव्हा रोडवर त्याची मोटरसायकल कापसाच्या ट्रकखाली आली. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. दोन तास वाट पाहून शेवटी दर्भाचा कावळा करून शिववावा लागला. त्यानंतर चारच दिवसांनी घरचं इंटरनेट बंद पडलं. टेलिफोनचा लाइनमन हिरासिंग आला. त्याला चौकटीत आठ दिसले. ऑफिसच्या रिवाजाप्रमाणे त्यानं ते पुसून चौकट 'आपोआप'वर टाकली. दुसऱ्या दिवशी येऊन पाहतो तर आठ परत. पुन्हा पुसले, पुन्हा परत. खरा बिघाड खांबावरच्या गंजलेल्या जोडात होता, तो निघाला आणि नेट सुरू झालं. पण हिरासिंग चहाच्या टपरीवर बोलून बसला, "सरच्या घरी कोनी तरी नंबर टाकून राह्यलं बाप्पा!" शेजारच्या वच्छलाबाईंनी ते ऐकलं, न शिवलेल्या कावळ्याशी जोडलं, आणि दुसऱ्या दिवशी महाराजांना घेऊन दारात उभ्या राहिल्या.

या सगळ्यात नीळकंठ सर कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेले असायचे. तीस वर्षं त्यांनी शाळेत विज्ञान शिकवलं होतं. लिंबातून रक्त कसं काढतात, नारळ आपोआप कसा पेटतो, हे त्यांनी पटांगणात करून दाखवलं होतं. त्यांच्या भीतीनं दोन बुवांनी गाव सोडल्याचं लोक अजून सांगत. तेच सर गप्प बसलेत म्हटल्यावर लोकांची खात्री पटली की सरांनाही पटलं.

सरांना पटलं नव्हतं. खोटं आहे असंही त्यांना वाटलं नव्हतं. काहीच वाटत नव्हतं. पौषापासून चहा नुसता गरम लागायचा, चव नसायची. लोक येत होते, जात होते, सर बसून होते. हे काय चाललंय, असं विचारायलासुद्धा माणसाला आधी काहीतरी वाटावं लागतं.

मग एका शुक्रवारी आठ आलेच नाहीत. त्या दिवशी अकरालाच लोडशेडिंग लागणार होतं, म्हणून महाराजांनी आरतीला फाटा दिला आणि घाईघाईनं चौकट उघडायला लावली. चौकट रिकामी. गर्दी कुजबुजू लागली. महाराजांनी खोलीभर नजर फिरवली आणि ती शुभदावर थांबवली.

"बाई, तुमी अंगात सुई टोचता?"

"हो महाराज. शुगरची. दोन वेळा."

"तिथंच घोय झाला! लोखंड अंगात शिरलं का माय-लेकराची तार तुटते. कसा येईन तो?"

पुढच्या मंगळवारी आरती अख्खी झाली आणि आठ आले. वच्छलाबाई म्हणाल्या, "पाह्यलं? सुई बंद, पोरगं हजर!" आता याहून वेगळा पुरावा तो कोणता हवा?

गुरुवारी सकाळी सर फ्रिजमधून दूध काढत होते. कप्प्यात इन्सुलिनची बाटली गेल्या आठवड्यात होती तितकीच भरलेली होती. सर फ्रिजचं दार उघडं टाकून तिच्याकडे पाहत राहिले. मग आतल्या खोलीत गेले. शुभदा दिवसाढवळ्या झोपली होती, उशाशी पाण्याचे दोन तांबे रिकामे. त्यांनी तिच्या बोटातून थेंब काढून यंत्रावर ठेवला. चारशे बारा.

"शुभदा, सुई का नाही घेतली?"

"उद्या तो येऊ दे. मग पाहू."

"चल, आत्ता दवाखान्यात जाऊ."

"मी नाही येत." ती हळू बोलत होती, तोंडाला कोरड पडली होती. "तुमाला काय आहे? तुमी तर रडलेपण नाही त्याच्यासाठी."

ते खरंच होतं. पण ही बाई आता आपल्या डोळ्यांदेखत जाणार, एवढं त्यांना कळलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्यांना भीती वाटली.

आठ कुठून येतात हे दाखवल्याशिवाय ती सुई घेणार नव्हती. ते कॉम्प्युटरसमोर जाऊन बसले. जसे पोरांना शिकवायचे तसे, एका वेळी एकच गोष्ट बदलत. आधी आठ पुसले आणि कॉम्प्युटर चालूच ठेवला. एक तास गेला, चौकट रिकामीच. मग बंद करून सुरू केला. आरती नाही, कापूर नाही. हातातल्या घड्याळाकडे आणि पडद्याकडे आळीपाळीनं पाहत राहिले. एक मिनिट दहा सेकंदांनी एक काळी खिडकी क्षणभर चमकली आणि मिटली. चौकट उघडली. चार आठ.

म्हणजे डोळे मिटायला लावत होते ते यासाठी. आणि आरती बरोबर तेवढीच लांब होती, कॉम्प्युटर उठून बसेपर्यंतची. ज्या दिवशी आरती गाळली, त्या दिवशी कॉम्प्युटर अजून पुरता उठलाच नव्हता. सुईचा काय संबंध!

सरांनी हिरासिंगला फोन केला. तो आला, आणि कॉम्प्युटर सुरू होताच आपोआप काय काय चालतं त्याची यादी उघडून पाहू लागला.

"हे पाहा सर. ही फाइल अवधूतभाऊनं बनवेल हाय. कॉम्प्युटर सुरू झाला का हे चालते अन् आठ लिहून देते."

"पण आठ म्हणजे काय?"

"आपण साइटचं नाव लिहतो न, नेटले नाव समजत नाही, पत्ता लागते. तो पत्ता कोनाले इचाराचा, तेचा हा नंबर. चौकातल्या जानकार मानसासारखा. अवधूतभाऊले हा मानूस पसंत होता. पन कंपनीच्या सीडीतला प्रोग्राम दर डावाले नंबर पुसून टाके." हिरासिंगनं मान खाली घातली. "सर, पह्यल्याच दिवशी मी इतकं पाहाले पाह्यजे होतं. मीच गावभर बोंब मारली."

त्यानं फाइल उघडून दाखवली. दोन ओळी. खालची कॉम्प्युटरला दिलेला हुकूम, शेवटी चार आठ. वरची कॉम्प्युटरसाठी नव्हती, इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी होतं: 'रोज रोज कोण बदलत बसेल.'

सरांनी ती ओळ दोनदा वाचली. आता रडू येईल असं वाटलं. आलं नाही.

शुभदा महाराजांसमोर पाहिल्याशिवाय मानणार नव्हती, म्हणून शुक्रवारी गर्दी जमायच्या आधी त्यांनी ती फाइल यादीतून काढून बाजूला ठेवली. महाराज आले. नंबर पुसला, डोळे मिटले, आरती झाली, दोन कडवी जास्तच झाली. चेल्यानं चौकट उघडली.

रिकामी.

"सुई!" महाराज ओरडले. "या घरात सुई टोचेल हाय!"

शुभदा दाराची चौकट धरून उभी होती. "नाही महाराज. तुमी सांगितल्यापासून एकपण नाही."

"मंग मनात आली असन!"

"मनात तर फक्त तोच आहे," शुभदा म्हणाली.

सर खुर्चीवरून उठले.

"आता मी करतो. आरती नको, आणि डोळे मात्र सगळ्यांनी उघडे ठेवा."

"सर, आत्मा रागवन!" महाराज म्हणाले.

"रागवू द्या. बापावरच रागवेल."

त्यांनी फाइल यादीत परत ठेवली, कॉम्प्युटर बंद केला, सुरू केला आणि घड्याळ पाहत उभे राहिले. काळी खिडकी चमकली.

"वच्छलाबाई, काय दिसलं?"

"काय की काळं काळं लपकलं."

"तोच तुमचा आत्मा." सरांनी चौकट उघडली. चार आठ. मग त्यांनी फाइल उघडली, सगळं समजावून सांगितलं आणि वरची ओळ मोठ्यानं वाचली.

कुणीतरी फिसकन हसलं. शुभदा पुढे आली, पडद्याला नाक लागेल इतकी, आणि एकेक अक्षर लावत ओळ वाचली.

"हा तोच," ती म्हणाली. "उठून पाण्याचा ग्लास नव्हता घेत."

महाराज उठले होते. चपलांच्या ढिगात त्यांना स्वतःच्या चपला सापडेनात. आत्म्यांचा ठावठिकाणा सांगणारा माणूस बराच वेळ वाकून उभा होता. शेवटी अनवाणीच गेला.

लोकही उठू लागले तसे सर म्हणाले, "जरा थांबा. तुम्हाला हसायचा मला अधिकार नाही. हे मला पहिल्याच दिवशी दहा मिनिटांत कळलं असतं. मी पाहिलं नाही, कारण मला कशाचंच काही वाटत नव्हतं. पण दुःखात माणूस पाहायचं सोडतो, आणि असले लोक नेमके तेव्हाच घरात येतात. एवढंच करा. डोळे मिटा असं जो सांगेल, त्याच्यासमोर डोळे उघडे ठेवा. औषध सोडा असं जो सांगेल, त्याला दाराबाहेर काढा. आणि हे कशानं झालं, असं विचारायला लाजू नका."

कुणी टाळी वाजवली नाही. हळूहळू बैठक रिकामी झाली. वच्छलाबाई जाताना शुभदाच्या पाठीवरून हात फिरवून गेल्या.

शुभदा फाइलकडेच पाहत होती. "म्हणजे हे त्यानं आत्ता नाही केलं."

"नाही."

"जिवंत होता तेव्हा केलं."

"हो. माणूस जे काही करतो, ते जिवंत असतानाच करतो." सर खाली बसले आणि पौषापासूनचं सगळं रडू त्यांना एकदम आलं. शुभदा त्यांच्याजवळ बसून राहिली.

मग तिनं विचारलं, "दवाखाना किती वाजेपर्यंत उघडा असतो?"

"एक."

तिनं भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. "मग उठा," ती म्हणाली आणि भिंतीला हात टेकवत आधी स्वतः उठली.